पाव इंचाच्या काकू

सौंसरच्या आमच्या शिवणक्लासातल्या काकूंनी माणसाचा चेहरा कधी नीट पाहिला असेल असं मला वाटत नाही. त्या कपड्याची उलटी बाजू पाहायच्या. लग्नात बाकीच्या बायका नवरीचे दागिने, नाकडोळे आणि तिच्या सासूचं तोंड पाहत. काकू हळूच नवरीजवळ सरकायच्या, आशीर्वाद दिल्यासारखं करून तिच्या ब्लाउजची बाही उलटायच्या आणि आतली शिवण तपासायच्या. शिवण सरळ असली तर "सोन्यासारखी पोट्टी हाये." वाकडी असली तर नवरी कितीही देखणी असो, "कसं होईन बाप्पा ह्या घराचं!" कुणी हसलंच तर म्हणायच्या, "सुलटं तं सारं गाव पाहते. उलटं पाहाले कोण हाये?" आणि निवांत पंगतीत जाऊन बसायच्या.

महिला मंडळाच्या पत्र्याच्या खोलीत त्यांचा क्लास भरे. पायमशिनी पाच आणि मुली अकरा. त्यातल्या निम्म्या माझ्यासारख्या अकरावीत गचकलेल्या, उरलेल्या लग्न ठरेपर्यंत वेळ काढणाऱ्या. आम्हाला शिकायचा होता ब्लाउज, झालंच तर फ्रॉक. काकूंनी पहिले चार महिने आमच्याकडून नुसते गोधडीचे चौकोन जोडून घेतले. जुनी लुगडी, धोतरं, फाटक्या चादरी कापायच्या आणि तुकड्याला तुकडा लावायचा. ब्लाउज कधी, असं विचारलं की उत्तर तयार होतं, "ब्लाउजात चूक झाली तं बाई पोट आत घेते. गोधडी घेत नाही."

काकूंचा सगळा धर्म पाव इंचाचा होता. साडेदहा इंचांचा चौकोन कापायचा, चारी बाजूंनी पाव पाव इंच शिवणीत जाऊ द्यायचा, म्हणजे वरून बरोबर दहा इंच दिसतो. असे सहा चौकोन एका ओळीत, अशा सहा ओळी. ऐकायला सोपं आहे. पण शिवण अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जरी इकडेतिकडे झाली, तरी सहा चौकोनांत मिळून बोटभर फरक पडतो आणि एका ओळीचे सांधे दुसऱ्या ओळीच्या सांध्यांना भेटत नाहीत. "अर्धं सूत तर आहे काकू," असं पहिल्या आठवड्यात मी एकदा म्हणाले. त्यानंतर मी कुणालाच कशालाही 'तर आहे' म्हटलेलं नाही.

हा पाव इंच नजरेला सापडावा म्हणून काकूंनी काढलेली युक्ती सगळ्या सौंसरात चर्चेचा विषय होती. मशिनीच्या पत्र्यावर, सुईपासून पाव इंचावर, त्या एक बारीक काळी टिकली चिकटवायच्या. कापडाची कड टिकलीला टेकवून शिवत गेलं की झालं. आता काकू विधवा. स्वतःचं कपाळ वीस वर्षं मोकळं, आणि दर बाजाराला बाई टिकल्यांचं पाकीट घेते! दुकानदार डोळे मिचकावायचा, गल्लीतल्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या. शेवटी एकीनं धीर करून विचारलंच. काकू म्हणाल्या, "मशीनले लावतो. तिचा मालक जित्ता हाये." त्या बाईनं पुढे महिनाभर आमच्या गल्लीतून जाणं सोडलं.

टिकलीनंतर काकूंचं दुसरं दैवत म्हणजे अर्धं ब्लेड. ते काडेपेटीत ठेवलेलं असे आणि काडेपेटी कमरेला. त्या मागे येऊन उभ्या राहत, आपलं काम उलटं करत, नखानं शिवणीवरून जात आणि एकच शब्द बोलत, "उसव." रागानं नाही, प्रेमानं नाही; बसचा कंडक्टर गावाचं नाव घेतो तसा. मी ते चार महिने शिवत होते म्हणण्यापेक्षा उसवत होते, हे म्हणणं जास्त खरं. कुणी रडायला लागलं तर काकू थांबायच्या, रडणं संपलं की ब्लेड पुढे करायच्या. कौतुक म्हणून सगळ्यांत मोठा शब्द त्यांच्याकडे 'बरं हाये' हा होता आणि तोही मी फक्त दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकला होता.

एप्रिलमध्ये परीक्षा होती, तिला अशी सहा ओळींची अख्खी गोधडी दाखवायची होती आणि माझ्या मानेवर सुरी होती. बाबांनी साफ सांगितलं होतं, सर्टिफिकेट मिळालं तर बोरगावच्या शाळेत शिवणाची बाई म्हणून लाग. नाही मिळालं तर लोधीखेड्याचं स्थळ आहेच, वैशाखात उरकून टाकू. मुलाची संत्र्याची बाग होती. तो आमच्याकडे आला तेव्हा तासभर बागेबद्दल बोलला आणि मला नाव विचारायचं विसरला. मला बोरगावला जायचं होतं. इतकं एखाद्या गोष्टीसाठी मी आयुष्यात पुन्हा कधी तडफडले नाही.

आणि तेव्हाच माझ्या मशिनीवरची टिकली पडली. सौंसरचा एप्रिल, माणसं वितळत होती तिथे टिकलीच्या डिंकाचं काय घेऊन बसलात? तीन ओळी झाल्या होत्या, तीन राहिल्या होत्या. काकू पाणी आणायला गेलेल्या. मी माझ्या कपाळावरची टिकली काढली आणि जुन्या डागावर बरोबर मधोमध लावली. जागा तीच, मग चुकेल काय? चुकलं एवढंच, की काकूंची टिकली मोहरीएवढी होती आणि माझी, मी नटवी असल्यामुळे, चांगली मोठी. तिची कड सुईकडे अर्धं सूत सरकली. मी एका दमात तीन ओळी शिवल्या. पहिल्या तीन ओळी एका लांबीच्या, नंतरच्या तीन बोटभर जास्त.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ओळी एकमेकींना जोडताना ते उघडकीला आलं. मी जास्तीचं कापड चुण्या घालून दडपलं, वरून इस्त्री फिरवली. वरून गोधडी झकास दिसत होती. सकाळी दहाला काकूंनी ती उलटी केली. "उसव."

"काकू, बारा वाजता छिंदवाड्याच्या बाई येणार. आता कसं उसवू? कोणाले दिसते?"

"दिसून राहिलं ना मले."

"मी नापास होईन काकू!"

"हो मंग."

आणि मी जागची हलले नाही तेव्हा त्या बाईनं स्वतः काडेपेटी उघडली आणि साऱ्या मुलींसमोर माझ्या तीन ओळी सरसर उसवून माझ्या मांडीवर ठेवल्या. बाराला परीक्षक बाई आल्या. त्यांनी विचारलं, "इस लड़की की गोदड़ी कहाँ है?" काकू ताठ मानेनं म्हणाल्या, "वो गलत थी. मैंने उसव डाली." परीक्षक बाईंना कळेना, तेव्हा काकूंनी ब्लेड दाखवलं. मी नापास झाले. त्या दिवशी घरी जाताना मी काकूंना जे शाप दिले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

आठ दिवसांनी काकू आमच्या ओसरीवर हजर. बाबा म्हणाले, "काकू, पोरगी तं नापास झाली. आता लग्नच करतो."

"करा ना, कोण नाही म्हणते? पण तुमच्यात पोट्टी आपल्या हातची गोधडी घेतल्याबिगर सासरी जात नाही. आन् तिची तं माह्यापाशी उसवून पडली हाये."

"मंग इकत घेऊ एखादी."

"घ्या. मी लोधीखेड्यात सांगतो, इकतची हाये म्हणून."

बाबांनी कपाळाला हात लावला. गोधडी पूर्ण झाल्यावर लग्न असं ठरलं. आणि पूर्ण झाली हे ठरवणार कोण? काकू. त्या वैशाखात त्यांनी माझ्याकडून एकेक ओळ चार-चार वेळा उसवून घेतली. लोधीखेड्याच्या मंडळींना धीर निघाला नाही, त्यांनी पंधरा दिवसांत दुसरी मुलगी आणली. ऑक्टोबरच्या परीक्षेत माझी गोधडी साठ इंचांना साठ इंच भरली आणि दिवाळीनंतर मी बोरगावला रुजू झाले.

हे सगळं काकूंनी माझ्यासाठी केलं, असं माझी आई शेवटपर्यंत म्हणत राहिली. मला ते पटत नाही. काकूंना माझ्या लग्नाशी काही देणंघेणं नव्हतं, नोकरीशी तर नाहीच. त्यांना त्या बोटभर फरकानं झोप येत नव्हती, बस. त्या फरकापायी त्यांनी मला आधी बुडवलं आणि मग त्याच फरकापायी बाहेर काढलं. ऑक्टोबरात निकाल लागला तेव्हाही त्या मला 'बरं हाये' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "टिकली बारीक लावत जाय."

पुढे माझं लग्न पांढुर्ण्याला झालं, माझ्या पसंतीनं, गोधडीसकट. सहासात वर्षांनी पोटुशी असताना मी काकूंना भेटायला सौंसरला गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, क्लास बंद, मशिनी मंडळानं कुठे हलवलेल्या. काकू खाटेवर बसून होत्या. मी बाळासाठी शिवलेली गोधडी सोबत नेली होती. आणि एक लबाडी केली होती. एका कोपऱ्यातली शिवण मुद्दाम चांगली एक सूत चुकवली होती. मला त्यांच्या तोंडून पुन्हा एकदा 'उसव' ऐकायचं होतं. त्यासाठी मी पोट सांभाळत बसचे धक्के खाल्ले होते.

काकूंनी गोधडी मांडीवर घेतली, सवयीनं उलटी केली आणि नखानं शिवणीवरून जाऊ लागल्या. एक ओळ, दुसरी ओळ. नख त्या कोपऱ्यावर आलं, तसंच पुढे सरकलं आणि कडेला जाऊन थांबलं. काकूंनी गोधडीची घडी केली, तिच्यावर दोनदा हात फिरवला आणि माझ्या दिशेनं, थोडं माझ्या डावीकडे पाहत म्हणाल्या, "बरं हाये."

मला हुंदका आवरेना. काकू नेहमीप्रमाणे माझं रडणं संपायची वाट पाहत बसल्या, पण या वेळी त्यांचा हात कमरेकडे गेला नाही. मी त्यांच्या पाया पडले आणि निघाले.

पांढुर्ण्याच्या बसला अर्धा तास अवकाश होता. मी स्टँडच्या बाकावर बसले, गोधडी उलटी केली, पर्समधली काडेपेटी काढली आणि तो कोपरा उसवला.