खराब निघालेली पट्टी

आमचे हे पितळी पट्ट्यांवर नावं कोरतात आणि मी त्या घासून चकचकीत करते. जगभरातल्या टीव्ही कार्यक्रमांना बक्षिसं देण्याचा सोहळा आमच्या शहरात होतो, त्याचं काम बावीस वर्षं आमच्याच दुकानाकडे आहे. निकाल आधी कुणाला सांगत नाहीत, म्हणून एकेका बक्षिसाच्या पाचही उमेदवारांच्या पट्ट्या कोरून ठेवायच्या. सोहळ्याच्या बाई तपासून मागे शिक्का मारतात. नाव पुकारलं की पडद्यामागे ती पट्टी बक्षिसाच्या बाहुलीवर स्क्रूने बसवायची आणि शिक्क्याच्या उरलेल्या चार बाईंसमोरच कापून टाकायच्या. नाहीतर उद्या कुणीही खोटी बाहुली मिरवेल.

यंदा ध्वनिमुद्रणाच्या यादीत माझ्या थोरल्या दिरांचं नाव होतं. जगभर फिरून नद्यांचे, कारखान्यांचे आवाज टिपून आणणारा माणूस, घरी मात्र पंखा वाजतो म्हणून जाऊबाईंशी भांडायचा. मार्चमध्ये ते वारले. ह्यांनी धावपळ सगळी केली, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. ताट पुढे ठेवलं की जेवायचे, नाही ठेवलं तर तसेच बसून राहायचे.

"माणूस आहात की ठोकळा?" एकदा मी चिडून विचारलं.

"काहीच वाटत नाहीये गं. मी तरी काय करू?"

जाऊबाईंनी एकच मागितलं. "भावजी, जिंकले तर बाहुली घरी येईलच. नाही जिंकले तर निदान ती पट्टी मला आणून द्या."

"कापावी लागते, वहिनी. नियम आहे."

मला ह्यांचा असा राग आला! एक पट्टी खिशात टाकायला काय जातं? पण नियम म्हटला की हे हलायचे नाहीत.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी बाई यादी घेऊन दुकानात आल्या आणि दिरांच्या पट्टीवर बोट ठेवून थांबल्या. यादीत नावाआधी 'दिवंगत' होतं, पट्टीवर नव्हतं. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"राहिलं," म्हणत ह्यांनी नवी पट्टी घेतली आणि 'दिवंगत'सकट नाव कोरलं. हात जरासुद्धा हलला नाही. बाईंनी तिच्यावर शिक्का मारला. पहिली पट्टी बिनशिक्क्याची, ती भंगाराच्या डब्यात गेली.

दुसऱ्या दिवशी दुसरंच नाव पुकारलं. भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू आल्या. ह्यांनी जिंकणाऱ्याची पट्टी बसवली, मग पत्र्याची कात्री घेतली. दिरांची पट्टी तिसरी होती. तिचे दोन तुकडे बाईंच्या हातात देऊन हे चौथीकडे वळले. रडू मला फुटलं.

सकाळी दुकानात गेले तर हे भंगाराचा डबा जमिनीवर ओतून बसलेले. "ही घासून दे," म्हणाले.

घरी जाऊबाईंनी पट्टी दोनदा वाचली. "हिच्यावर ते 'दिवंगत' नाही."

"खराब निघाली, वहिनी. माझ्या हातून राहिलं. म्हणून कापावी लागली नाही."

"मग दाराला लावा."

ह्यांनी तीन स्क्रू बसवले. चौथ्याला पेचकस खाचेत ठरेना. हे दाराला कपाळ टेकून उभे राहिले. शेवटचा स्क्रू मी पिळला.