विहिरीचा केक

मस्कतमध्ये थंडी आणायचं काम आमच्या वरच्या मजल्यावरच्या अंकलकडे होतं, अशी माझी पक्की समजूत होती. ऑक्टोबर संपत आला की एका संध्याकाळी ते गॅलरीत उभे राहायचे, नाक वर करून हवा हुंगायचे आणि जिन्यातून ओरडायचे, "बाय, गरमी खलास! एसी बंद कर!" बाहेर आम्ही अजून घाम पुसत असायचो आणि यांच्या अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. गंमत म्हणजे अंकलचा सगळा जन्म इथल्या कुरुम भागातल्या ऑफिसांचे एसी दुरुस्त करण्यात गेला होता. घरातल्या एसीवर मात्र त्यांचा खास राग. तो बंद केला की त्याला पुसून वर जुना अभ्रा चढवायचे, सगळ्या खिडक्या सताड उघडायचे आणि कपाटावरून ओव्हन खाली उतरवायचे. उन्हाळ्यात केक करणं त्यांना मंजूरच नव्हतं. "एसी आणि ओव्हन एका घरात म्हणजे दोन सवती. मी कोणाकोणाचं ऐकू?"

अंकल वसईचे. बायको, मुलगी तिकडे आणि हे वर्षानुवर्षं इकडे, हमरियातल्या आमच्या जुन्या इमारतीत एकटे. यंत्रांशी बोलायची त्यांना सवय होती. बिघडलेल्या फ्रिजला ते "काय झालं रे बाबा?" असं विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. माणसांना मात्र कशाचंच पक्कं उत्तर द्यायचे नाहीत. नळ कधी दुरुस्त होईल, इन्शाल्ला. लिफ्ट कधी चालू होईल, इन्शाल्ला. चहा घेणार का म्हटलं तरी इन्शाल्ला, आणि लगेच खुर्ची ओढून बसायचे. मी वैतागायचे, पण त्यांच्यावर रागावणं मला कधी जमलं नाही.

आमच्या घरात अशा अधांतरी उत्तरांची आधीच कमतरता नव्हती. माझा नवरा लांब दुक्मला, रिफायनरीच्या कामावर. एक गुरुवार सोडून दुसऱ्या गुरुवारी, शुक्रवारच्या सुट्टीसाठी घरी यायचा, तोही साइटवरून सुटका झाली तर. त्या दिवशी पाच वर्षांची सई शाळेतून आली की खिडकीत जाऊन बसायची. जेवायची नाही, खेळायची नाही, नुसतं "पप्पा कुठे पोचला?" मला रडू यायचं आणि ते लपवायला मी तिच्यावरच ओरडायचे. एकदा अंकलनी हे जिन्यातून ऐकलं. दार ढकलून आत आले आणि म्हणाले, "सईबाय, यल्ला, चल लवकर. मला अंडी फोडायला माणूस पाहिजे."

तेव्हापासून थंडीतले ते गुरुवार अंकलचे झाले. सई त्यांचा जुना शर्ट ॲप्रनसारखा घालून स्टुलावर उभी राहायची. मैदा चाळायचा, केळी कुस्करायची, दालचिनी हुंगून शिंकायचं, अशी सगळी महत्त्वाची खाती तिच्याकडे. शाळेतल्या इंग्रजीमुळे अडखळणारं तिचं मराठी तिथे सुसाट सुटायचं. "अंकल, केक फुगली!" "फुगला, बाय. तो बाप्या आहे."

एवढं सगळं करून केक मात्र दर वेळी मधोमध बसायचा, कारण ओव्हनमधला दिवा बंद होता. आत काय चाललंय ते काचेतून दिसायचं नाही, म्हणून हे दोघं सारखं दार उघडून बघायचे आणि गार हवा लागून केक खाली बसायचा. अख्ख्या इमारतीची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस, पण घरच्या ओव्हनचा दिवा काही लावेना! मी टोकलं की, "बघू, इन्शाल्ला." आणि मधल्या खड्ड्याचं काय? अंकल त्यात शिजवलेला खजूर ओतायचे. "ही विहीर. आमच्या वसईत विहिरीशिवाय वाडी असते का?"

एकदा मी दाराशी उभी राहून ऐकत होते. सईने विचारलं, "अंकल, पप्पा कुठे पोचला?" अंकल म्हणाले, "पप्पाचं इन्शाल्ला. केकचं पक्कं. चल, केक कुठवर आला बघू." आणि उघडलं दार. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच दार. मला पाहून म्हणाले, "माझी पोरगी पण अशीच बसायची ग वसईला. तिचा पप्पा तर वर्षातून एकदा यायचा." आणि खजूर ढवळायला लागले.

गेल्या वर्षी अंकलचं काम संपलं. "या नाताळला घरी. पक्कं," असं त्यांनी चक्क इन्शाल्लाशिवाय सांगितलं, तेव्हाच मला कळलं की आता ते खरंच चालले. जाताना ओव्हन आमच्या ओट्यावर ठेवून गेले. सई त्या दिवशी त्यांचा शर्ट घालूनच झोपली.

पुढच्या गुरुवारी केक करायचं मी ठरवलं. आधी दिवा बदलावा म्हणून आतली काचेची टोपी काढली आणि बघतच राहिले. बल्ब चांगला होता, नुसता सैल करून ठेवलेला. एक पीळ दिला आणि लख्ख उजेड पडला. एसीचा एक स्क्रू ढिला राहिला तर ज्यांना झोप लागायची नाही, ते अंकल!

केक छान फुगत होता. काचेतून सगळं स्वच्छ दिसत होतं. सईने क्षणभर पाहिलं, मग तिला करण्यासारखं काही उरलं नाही. ती खिडकीत जाऊन बसली. "मम्मा, पप्पा कुठे पोचला?"

या वेळी मी ओरडले नाही. "पप्पाचं इन्शाल्ला," मी म्हटलं, "चल, केक कुठवर आला बघू." सई धावत आली. आम्ही दार उघडलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडलं.

नवरा आला तेव्हा अंधार पडला होता. सईला कडेवर घेऊन तो ओट्यापाशी आला आणि मधोमध बसलेल्या केककडे बघून थबकला.

"अरे, विहीर? अंकल आलेत का?"

सईने कडेवरूनच मी शिजवून ठेवलेल्या खजुराचं पातेलं पुढे ओढलं आणि ओतायला सुरुवात केली.