पाडव्याचा सांधा

उज्ज्वला आडेला हट्टी म्हणणाऱ्यांची तिच्या तांड्यात कधीच वानवा पडली नाही. पाचवीत असताना तिनं पांढरकवड्याची काळीपिवळी जीप भर रस्त्यात थांबवून ठेवली होती. ड्रायव्हरनं तिच्या आईला, म्हणजे बसंतीबाईला, सीटवरून उठवून टपावर बसायला सांगितलं, तर ही पोरगी गाडीपुढे जाऊन उभी राहिली. बसंतीबाईला सीट मिळाली आणि पोरीला पाठीत धपाटा. ही पोर कुठं नांदायची नाही, असं तांड्यानं तेव्हाच ठरवून टाकलं.

आता ती यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, कपिलच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत कामाला आहे. पण तिची खरी कमाई वेगळीच. तिनं नोकरीच्या आधी, तांड्यातल्या घरी बसून एक लायब्ररी लिहिली. पुस्तकांची नव्हे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आयतं उचलून आपल्या कामात बसवावं, असं ते एक छोटंसं अवजार. काम एकच: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असे कालावधी घ्यायचे, ते एकमेकांवर चढतात का, मधे तुटतात का, की जोडून एकच होतात, ते सांगायचं. एवढ्याशा कामात काय कठीण, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा लिहून पाहावं, घाम फुटतो.

लायब्ररीचं नाव तिनं ‘पाडवा’ ठेवलं. त्याला कारण तिचा बाप. खेमसिंग कित्येक वर्षं एकाच शेतकऱ्याकडे सालदार होता. सालदाराचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पुढच्या पाडव्याला सरतं. उज्ज्वलानं पहिल्यांदा तसंच लिहिलं आणि पाडवा दोन्हीकडे मोजला. लायब्ररी सगळ्यांसाठी खुली होती, म्हणून पोलंडमधल्या कोण्या माणसानं तिला कळवलं, तुमच्या उदाहरणातला गडी एकाच दिवशी दोन सालांत काम करतो, हे कसं? उज्ज्वला भडकलीच. तिनं उलट टपाली लिहिलं, “काम कुठं करतो? तो त्या दिवशी पुरणपोळी खातो.”

राग उतरल्यावर तिला कळलं की चूक आपलीच. ती खेमसिंगजवळ जाऊन बसली. “बा, पाडवा कोन्या सालातला?”

“कोन्याच नाई,” खेमसिंग म्हणाला. “त्या दिशी मालकाच्या घरी जेवाचं, राह्याचं असन तर हो म्हनाचं. पाडवा सांधा असते.”

“मंग चाकरी तुटली का त्या दिशी?”

“तुटते कायले? दोरीले गाठ पडली म्हून दोऱ्या दोन होत असते का?”

झालं. उज्ज्वलानं नियम लिहिला: दोन कालावधींच्या मधे नुसते सुट्टीचे दिवस असतील, तर ते दोन नाहीत, एकच आहेत. पोलंडवाल्याला तो इतका आवडला की त्यानं आपल्याही कामात बसवला.

पुढे कपिलच्या कंपनीला पांढरकवड्याबाहेरच्या एका कापसाच्या जिनिंगचं काम मिळालं. गेटवर आंगठा लावायची मशीन बसवायची, आंगठा लावला की पडद्यावर नाव आणि काम कधीपासून ते दिसलं पाहिजे. मशीनच्या पोटात उज्ज्वलानं जुन्या हजेरीच्या तारखा भरल्या आणि ‘पाडवा’ बसवला. कपिलला ते माहीत होतं. फुकट आणि पक्कं, त्याला आणखी काय हवं होतं?

त्याच जिनिंगमध्ये बसंतीबाई कापसातला कचरा वेचायला जायची. जिनिंगच्या करारात होतं की ज्या बाईनं हंगामभर सलग काम केलं, तिला पुढच्या हंगामात आधी बोलवायचं. मॅनेजर मोठा हुशार. तो अधूनमधून सगळ्या बायकांची नावं कापायचा आणि नव्यानं चढवायचा, म्हणजे सलग कोणीच नाही. पण कामाचा एक दिवस वाया जाऊ नये म्हणून नाव कापायचा ते नेमकं आठवडी बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी. लोभी माणसाची अक्कल तिथंच गहाण पडते.

एका शनिवारी सकाळी मशीन सुरू झाली. बसंतीबाईनं आंगठा लावला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मागच्या गंगीनं मोठ्यानं वाचलं, “बसंतीबाई आडे. दिवाळीपासून आजपर्यंत. काम अखंड.” दुसरीचंही तेच, तिसरीचंही तेच. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या आणि मॅनेजर फोन शोधू लागला.

संध्याकाळी कपिलनं उज्ज्वलाला केबिनमध्ये बोलावलं. “काय करून ठेवलं तू हे? तो सांध्याचा नियम काढ.”

“नाई काढत, सर.”

“काहून? आपलं गिऱ्हाईक हाय ते.”

“त्या बायकाईनं एक दिवस खाडा नाई केला. काम तुटलं असं मी कशी दाखवू? त्यातली एक माही याडी हाय, माय हाय माही. नसती, तरी नसतं काढलं.”

“लायब्ररी कंपनीत वापरतो आपन. मी बदलीन.”

“बदला ना. खुली हाय ते, कोनीबी बदलू शकते,” उज्ज्वला म्हणाली. “तिची अट तेवढी एक हाय. ज्यानं बदललं त्यानं आपलं नाव लिहाचं, अन् काय बदललं, कायले बदललं तेबी. सगळ्याईले दिसलं पाह्यजे.”

कपिलचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. “सोमवारपासून येऊ नको,” तो म्हणाला.

तिला भीती वाटली नाही असं कसं म्हणावं? तांड्यातली ती पहिली पगारदार पोरगी. गाडीत बसल्यावर तिनं हातातले पैसे दोनदा मोजले. पण खोटं लिहिलं असतं तर ते हात आपले वाटले नसते, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

घरी बसंतीबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “जेवली का?” जिनिंगला सुट्टी बाजाराची, रविवारची नाही, म्हणून रविवारी सकाळी ती गेटवर गेली, तर मशीनवर पोतं झाकलेलं. मॅनेजर म्हणाला, “मशीन बिघडली. दुरुस्त होऊन राह्यली.”

“मशीन नाई बिघडली,” बसंतीबाई म्हणाली, “तुमची नियत बिघडली. पोतं काढा, मंग आंगठा लावतो.” आणि ती गेटसमोर मांडी घालून बसली. गंगी बसली. मग सगळ्या बसल्या. आत यंत्र थांबलं, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग हायवेला जाऊन टेकली.

दिवेलागणीला उज्ज्वलाचा फोन वाजला. कपिल होता.

“मॅनेजरनं पोतं काढलं,” तो म्हणाला. “म्हनते, जसं हाय तसंच ठेवा.” मग जरा थांबून म्हणाला, “मी बदलाले बसलतो, उज्ज्वला. दोनदा नाव लिहिलं अन् दोनदा पुसलं. कायले बदललं ते लिहिताच येईना.”

उज्ज्वलानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“सोमवारपासून ये. जुनी नेमनूक मी कालच बंद केली, नवी काढतो.”

“नवी कायले?” उज्ज्वला म्हणाली. “शनिवारी मी कामावर होती. सोमवारी येऊन राह्यली. मधात कोनता दिवस आला, सर?”

मग कपिल हसला की खाकरला, ते तिला कळलं नाही.

सोमवारी लोहाऱ्याच्या ऑफिसात तिनं दारातल्या तशाच मशीनवर आंगठा लावला. कपिल आपल्या टेबलावरून पाहत होता. उज्ज्वलानं त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचलं, “उज्ज्वला आडे. काम अखंड.” आणि ती आपल्या खुर्चीत जाऊन बसली.