मुकुलने काढून टाकलेला पहारा

मुकुल देवस्थळी म्हणजे आमच्या मालाडच्या ऑफिसातला नेटवर्कचा कर्ता-करविता. मी त्याच खात्यात, त्याच्या शेजारच्या टेबलावर. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण मला त्याच्यामुळेच नीट कळली.

सकाळी कॉम्प्युटर लावला की नेटवर्क यायला अर्धं मिनिट लागायचं. स्विच, म्हणजे सगळ्या टेबलांच्या वायरी जिथे जोडतात तो डबा, आधी चाचपून बघतो की ही वायर फिरून परत आपल्याकडेच तर येत नाही ना; तशी आली तर सगळं नेटवर्क ठप्प होतं. साध्या टेबलाची वायर जिथे लागते त्या पोर्टला तेवढं थांबायची गरज नसते. म्हणून तिथे पोर्टफास्ट, म्हणजे न थांबता लगेच चालू व्हायची सेटिंग, देतात आणि सोबत पहारा ठेवतात. वायर फिरून आली की तो पोर्ट बंद होतो. मुकुलने पोर्टफास्ट दिला, बॉसची शाबासकी घेतली. पहाऱ्यामुळे मात्र अधूनमधून एखादा पोर्ट बंद पडायचा आणि महाशयांना खुर्ची सोडावी लागायची. मग त्याने पहारा काढला आणि चाचपणीही बंद केली. मी दोनदा बोललो, पण पासवर्ड त्याच्याकडे.

खंडेनवमीला आमच्याकडे कॉम्प्युटरची पूजा होते. रिसेप्शनवरची मनाली प्रोबेशनवर होती, पुढच्या महिन्यात कायम व्हायची होती. घरी वडील आजारी, पगार हिचा एकटीचा. तिने झेंडूची माळ लावली आणि पूजेत वाईट दिसायला नको म्हणून टेबलाखाली लोंबणारं वायरचं टोक भिंतीतल्या नेटवर्कच्या सॉकेटमध्ये खोचलं. दुसरं टोक आधीच शेजारच्या सॉकेटमध्ये होतं, म्हणजे वायर फिरून परत स्विचकडेच आली. पेढे वाटून होईपर्यंत अख्खं ऑफिस ठप्प झालं.

दुपारी मुकुलला ती वायर सापडली. ती बॉसपुढे धरून म्हणाला, "सर, हिने कुठेही वायर घुसवली."

"लोंबत होती ना सर, म्हणून..." मनाली म्हणाली.

मी म्हटलं, "तरी पोर्ट बंद पडायला हवा होता. तू पहारा काढलायस, मुकुल."

"टेक्निकल आहे रे ते, नंतर समजावतो," तो हसून म्हणाला. बॉसला यातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे त्याने मान डोलावली. मला दोघांचीही किळस आली.

मनाली कायम झाली नाही. ती गेली त्या दिवशी मुकुलने पहारा परत लावला आणि सगळ्यांना मेल केला की ऑफिसात नवी सुरक्षा बसवली आहे. मेल मनालीलाही गेला. तिचं नाव यादीतून काढायचं काम मुकुलचंच होतं, आणि तेही त्याने केलं नव्हतं.