पहिला फटका कुणावर

“आवाज नीट आला नाही. परत ओणवा हो.”

हे बोलला तो खोतांचा मुंबईचा पुतण्या. टेपरेकॉर्डर तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलेला, लाल बटण दाबलेलं. त्याच्या हातात नवा चाबूक. पुढ्यात माझा बापूस, सदरा काढून, गुडघ्यांवर हात टेकून. एक फटका त्याच्या पाठीवर पडून गेला होता. टेपमध्ये तो बरोबर उतरला नाही, म्हणून आता दुसरा.

बापूस परत ओणवा झाला. दुसरा पडला. खळ्यात जमलेली माणसं हसली. सगळ्यांत मोठ्याने बापूस हसला. “मान मिळाला, धनी,” म्हणाला. तेही टेपमध्ये उतरलं. पुतण्याने फीत मागे फिरवून सगळ्यांना ऐकवली. फाट्. हसणं. मान मिळाला, धनी. मग परत मागे फिरवली.

मी खळ्याच्या दगडी गडग्याबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ उभी होते. लग्नाचं वय झालेली पोर. त्या वेळी मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आमचा मानच होता तो.

हा मान समजावून सांगायला हवा, नाहीतर थाप वाटेल. तशी माझ्या तोंडून निघालेली कुठलीही गोष्ट लोकांना थापच वाटते आणि लोकांचं काही चुकत नाही. माझ्या बापसाचा चाबूक पूर्णगडाच्या खाडीवर वाजवला तर गणपतीपुळ्याचे बैल दावं तोडून पळायचे, असं मी आजही शपथेवर सांगते. चपलेएवढ्या कातड्याचा गोल तुकडा घेऊन तो कडेकडेने कातडं कापायची रापी फिरवायचा, गोल गोल, आणि त्यातून एकच लांब वादी निघत जायची. एकदा तर एवढी निघाली की एक टोक आमच्या उंबऱ्यात आणि दुसरं किल्ल्याच्या बुरुजाला. मधल्या वादीवर कोळणींनी मासे वाळत घातले. ऐका आणि सोडून द्या.

पण मान खरा. दिवाळीच्या पाडव्याला खोतांकडे बैल धुवायचे, शिंगं रंगवायची, झेंडूच्या माळा घालून ओवाळायचे. त्याच दिवशी आमच्या चांभारवाडीतून नवा चाबूक जायचा. आम्ही तो पायरीवर ठेवायचा, खोतांनी वरून पाणी शिंपडायचं, मग उचलायचा. वादी आम्ही दातांत धरून, थुंकीने ओली करकरून विणायचो. ती पाण्याच्या चार थेंबांनी शुद्ध व्हायची. याचं मला भारी हसू यायचं. आता नवा चाबूक म्हटला की वाजवून बघायला हवा. पण पाडव्याला बैलावर हात उगारणं पाप. मग वाजवायचा कुणावर?

ज्याने विणला त्याच्यावर. पहिला फटका करणाऱ्याचा. त्यालाच म्हणायचे मान.

आजोबाचा होता, बापसाचा होता. बापूस नारळ आणि शिधा घेऊन घरी यायचा तो ओरडतच. यंदाचा मान असा बसला की देवळातली घंटा आपोआप वाजली. यंदा लक्ष्मी पाठीवर बसूनच घरी आली, उतरायला तयार नाही. आम्ही हसून हसून लोळायचो. मान म्हणजे पाठीवर उठणारी लाल रेघ, असं मला लहानपणी वाटायचं. शाळेत बाईंनी ‘मान’ शब्दाचं वाक्य करायला सांगितलं, तेव्हा मी केलं होतं, माझ्या बाबांचा मान सुजला. बाई म्हणाल्या, तो मान नाही, ती मान. मी मात्र बरोबर होते.

त्या टेपच्या साली बापसाची बोटं आकडायला लागली होती. वादी पकडवत नव्हती. म्हणून तो चाबूक पहिल्यांदा मी एकटीने विणला. मान मात्र बापसाचाच राहिला. चाबकाची मूठ पायाच्या अंगठ्यात अडकवायची आणि आठ पेड खाली-वर घेत यायचं. केसांची वेणी घालतात तसंच, फक्त हिचा शेंडा बारीक करत न्यायचा असतो. शेंड्यापासून हातभर वर माझा एक पेड चुकला. खालून घ्यायचा तो वरून घेतला. लक्षात आलं तेव्हा वादी सुकली होती. उसवायची तर सगळी उसवायला हवी होती. तिथे एवढासा उंचवटा राहिला. खोबरेल चोळून मी तो गुळगुळीत केला.

टेपच्या त्याच संध्याकाळी मी बापसाच्या पाठीला हळद-तेल लावायला बसले. आई, आमची आवस, गेल्यापासून ते काम माझं. दरवर्षी एक रेघ असायची, खोतांचे म्हातारे हात हलकेच टेकवायचे. पुतण्याचे हात तरणे होते. पाठीवर दोन वळ, बोटाएवढे जाड. माझी वेणी तिथे उमटली होती. पेडावर पेड, कणसाच्या दाण्यांसारखे. मी बोट फिरवत गेले आणि एका जागी अडले.

एवढासा उंचवटा. खालून घ्यायचा तो वरून घेतलेला पेड. माझी चूक माझ्या बापाच्या पाठीवर छापली होती.

तेलाची वाटी मी खाली ठेवली. बापूस पालथा पडून सांगत होता, यंदाचा मान मुंबईला वाजणार, मुंबईतले बैल पळणार. मुंबईत बैल कुठले? मी हसले नाही. माझ्या आयुष्यात बापसाच्या थापेला मी पहिल्यांदा हसले नाही.

वहाळापलीकडे बौद्धवाडी. तिथली शेवंताकाकी आवशीची मैत्रीण. दुसऱ्या दिवशी ती पाला घेऊन आली, वळ बघितले आणि मला परसात बोलावून म्हणाली, “आमचापण मान व्हता, गो. गावात ढोर मेलं का वडून न्यायचा. माझ्या सासऱ्यान् सोडला तर गावान् पानी तोडलं.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय, दुसरी हीर खनली,” ती म्हणाली. “पाठीवर वळ उठवतो त्याला मान म्हनतात व्हय?”

पुढचं सगळं वर्ष हा प्रश्न माझ्या कानात वाजत होता. पुढच्या पाडव्याचा चाबूकही मीच विणला. असा विणला की सापाने बघितला असता तर लाजून कात टाकली असती. बापसाने डोळे मिटून मुठीपासून शेंड्यापर्यंत तो बोटांतून सरकवला.

“ह्यात चूक न्हाय,” म्हणाला. “गेल्या सालच्यात व्हती. पाठीला कळली.”

एवढंच बोलून त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. शाबासकीचा.

पाडव्याला खोतांच्या खळ्यात सगळा गाव. बैल रंगवलेले. टेपरेकॉर्डर कट्ट्यावर तयार. बापूस सदरा काढून ओणवासुद्धा झाला होता. चाबूक माझ्याकडे. पायरीवर ठेवायचा तो मी ठेवला नाही. म्हाताऱ्या खोतांसमोर जाऊन उभी राहिले.

“धनी, यंदा मान तुमी घ्या.”

सगळे हसले. थापाड्याची पोर, गावाला सवय होती. खोतही हसले. “काय गो, थट्टा करतेस?”

“थट्टा कशी? मान हाय ना ह्यो? मग एक साल तुमच्याकडं ऱ्हाऊ दे. वायंच ओणवं व्हायचं, येवढंच.”

हसणं थांबलं. कुठल्यातरी बैलाने मान हलवली, घुंगरं वाजली. पुतण्या तरातरा पुढे आला, पण माझ्यापाशी येऊन थबकला. चाबूक हिसकायचा तर मला शिवायला हवं. त्याची पाडव्याची अंघोळ झालेली, सोवळं नेसलेलं. जन्मभर ज्या विटाळाने आम्हाला पायरीखाली ठेवलं, तो त्या दिवशी माझ्याभोवती गडग्यासारखा उभा राहिला.

मी खाली बसले. मूठ पायाच्या अंगठ्यात धरली, शेंड्याची गाठ दातांनी सोडली आणि वेणी उसवायला घेतली. पेड सुटत गेले. सगळा गाव बघत होता आणि मी उसवत होते, आपल्याच परसात बसल्यासारखी.

बोलला तो बापूस. तो अजून ओणवाच होता. वळून बघायलाही उठला नाही. जमिनीकडे तोंड करून म्हणाला, “बांध परत, बाय. बांध गो.”

शेवटचा पेड सुटेपर्यंत तो तसाच होता. फटक्याची वाट बघत.

आठ वाद्या मी पायरीवर ठेवल्या. पाणी शिंपडा म्हटलं. बापसाला दंडाला धरून उभा केला आणि घरी आणला.

खोतांनी चिपळूणच्या बाजारातून नायलॉनचा चाबूक आणला. त्याचा पहिला फटका कुणावरच पडला नाही, असं ऐकलं. म्हणजे तसंही चालत होतं.

घरी बापूस एकच वाक्य बोलला, “माझा मान घालवलास.” त्यानंतर माझ्याशी बोलला नाही. थापाही संपल्या. गणपतीपुळ्याचे बैल निवांत झाले. दर पाडव्याला सकाळी तो सदरा काढून ओटीवर बसायचा. बोलावणं येईल म्हणून. दुपार कलली की सदरा घालायचा. मी ताट ठेवायचे, तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा. असे किती पाडवे गेले ते मला सांगायचं नाही.

तो गेला तेव्हा अंघोळ घालताना मी त्याला कुशीवर वळवून पाठ बघितली. एकही रेघ नव्हती. पाठ कोरी.

थापा मी त्याच्याकडून शिकले. त्याच्या थापांतली सगळ्यांत मोठी थाप मान. ती तो आम्हाला सांगायचा, पण मारली होती स्वतःलाच. तिला टेकून तो उभा होता आणि मी भर खळ्यात ती उसवली. त्याने मला माफ केलं नाही. न करू दे. परत तसाच पाडवा आला तर मी परत उसवीन.

रापी अजून चालते माझी. बैलांच्या घुंगरांचे पट्टे करते, चपला करते. चाबूक नाही. कुणी मागायला आलंच तर त्याला बसवते, पाणी देते आणि एकच विचारते, पहिला फटका कुणावर?

लोक हसतात. म्हणतात, म्हातारीची काहीतरी नवी थाप. मी हसत नाही. उत्तराची वाट बघते. ते मिळाल्याशिवाय चाबकासाठी वादी भिजत घालणार नाही.

अजून घातलेली नाही.