मास्तरांपुढून गेलेले ताट

चष्मा कपाळावर सरकवायचा, उजव्या हाताचे एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, “मान्य आहे, पाळकसाहेब. पण पटत नाही.”

मास्तरांची ही नक्कल मी आमच्या चर्चच्या मंडळीत किती वेळा केली असेल! नाताळच्या जेवणानंतर केली, लग्नघरी केली, नव्या देवळाच्या समर्पणाच्या दिवशी तर चक्क माईकवर केली. लोक पोट धरून हसतात. मग मी आवाज खाली आणून म्हणतो, “शेवटी शंकांनीच घात केला. आपण होऊन मंडळी सोडून गेले बिचारे.” लोक हळहळतात. चहा येतो.

यातले शेवटचे वाक्य खोटे आहे. खरे काय ते सांगायचे मी इतकी वर्षे टाळले. ते माहीत असलेला आता मीच एक उरलो आहे, आणि माझाही काही भरवसा नाही.

पिंपरीत औषधाचा कारखाना नुकता उभा राहत होता, तेव्हाची ही गोष्ट. स्टोअरमध्ये माझे आणि मास्तरांचे टेबल समोरासमोर होते. त्याआधी ते नगरकडे मिशनच्या शाळेत शिकवत. ती नोकरी का सुटली असे कोणी विचारले तर म्हणत, “मुलांपेक्षा मीच जास्त प्रश्न विचारायला लागलो.”

मास्तर वैताग आणणारे गृहस्थ होते, हे आधीच सांगून टाकतो. मेल्यावर माणूस गोड होतो म्हणतात. मास्तर माझ्यासाठी अजून झालेले नाहीत. दुपारी आम्ही डबे उघडायचो, डोळे मिटून प्रार्थना करायचो, आणि डोळे उघडताच प्रश्न तयार.

“काय चिटणीस, जलप्रलयात मासे कसे रे वाचले? माणसं पापी, बैल पापी, कोंबड्या पापी, आणि मासे तेवढे सज्जन?”

“मास्तर, जेवा.”

“जेवतो. पण पटत नाही.”

असे रोज. तुमच्यापैकी कोणी असा माणूस रोज सहा हातांवर सोसला असेल तर त्यालाच माझे दुःख कळेल.

चिटणीस म्हणजे मी. कारखान्यात ख्रिस्ती कुटुंबे थोडीच होती. वसाहतीतल्या एका रिकाम्या खोलीत आमची रविवारची उपासना चालायची. भिंतीला टेकले की पाठीला चुना लागायचा, आणि वारा पडला की कारखान्याचा आंबूस वास आत येऊन बसायचा. ही खोली मिळावी म्हणून साहेबांच्या मागे लागले ते मास्तर. सतरंजी आणि बाजाची पेटी मिळवली तीही त्यांनीच. चिटणीस मात्र त्यांनी मला करायला लावले. म्हणाले, “चिटणीसाला शंका नसाव्यात. तू योग्य माणूस आहेस.” हे कौतुक नव्हते हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या स्मरणार्थ पावाचा घास, द्यायला महिन्यातून एकदा खडकीहून पाळकसाहेब, आमचे धर्मगुरू, यायचे. सायकल मारत, घामाने निथळत. माणूस सालस होता. उपदेशाच्या मधोमध मास्तरांचा चष्मा कपाळावर गेला की पाळकसाहेबांचा आवाज आपोआप घसरायचा.

“शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला प्रभू म्हणाला, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. त्या चोराला बाप्तिस्मा कुणी दिला होता, पाळकसाहेब?”

“तो अपवाद होता, मास्तर.”

“म्हणजे अपवाद होतात. मग आणखी कोणकोण झाले, हे कुणाला विचारायचं?”

बायका पदराआड हसत. मी घड्याळाकडे बघे.

या सगळ्या शंकांच्या मुळाशी एकच शंका होती, आणि ती दर रविवारी दाराशी बसलेली असायची. मास्तरांची आई. आम्ही तिला आजी म्हणायचो. सगळ्यांच्या आधी येऊन ती खोली झाडायची, आणि उपासना सुरू झाली की उंबऱ्याजवळ बसायची. तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणजे रीतसर ती ख्रिस्ती नव्हती.

तिचा नवरा, म्हणजे मास्तरांचे वडील, निघोज्याचे शेतकरी. चाकणच्या बाजारात एका प्रचारकाची पायपीट पाहून त्यांनी त्याला आपल्या बैलगाडीत घेतले, घरी जेवू घातले, आणि पुढे त्याच्याच सांगण्यावरून पोराला नगरच्या मिशन बोर्डिंगात घातले. स्वतः मात्र बाप्तिस्म्याचे “सुगी झाली की बघू” म्हणत राहिले आणि सुगीच्या आधीच वारले.

म्हातारपणी आजीने मनावर घेतले. आमच्यात तेव्हा अशी रीत होती की बाप्तिस्मा घेणाऱ्याने सगळ्या मंडळीसमोर प्रश्नोत्तरे म्हणून दाखवायची. आजीला वाचता येत नव्हते. मास्तरांनी संध्याकाळी बसून तिच्याकडून तोंडपाठ करून घेतली. जग कोणी निर्माण केले, पाप म्हणजे काय, तारणारा कोण. आजी खणखणीत उत्तरे देत गेली. मग पाळकसाहेबांनी विचारले, “ख्रिस्ताचा स्वीकार न करता जे मरतात, त्यांचे काय होते?”

पाळकसाहेबांना वाटले आजी उत्तर विसरली. त्यांनी उत्तराचे पहिले दोन शब्द सुचवले.

“म्हाईत हाय मला,” आजी म्हणाली. “पर ते माज्या तोंडून न्हाई निघायचं. बाकी समदं इचारा.”

“आजी, हे शास्त्रातलं आहे.”

“आसंल, बाबा. पर माज्या मालकानं तुमच्याच मानसाला गाडीत घालून घरी आनलं. त्येला मी आगीत कशी ढकलू?”

बाप्तिस्मा पुढे ढकलला गेला. त्यानंतर तो कधी झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी डबा उघडला नाही. म्हणाले, “चिटणीस, माझी आई ज्याला आगीत टाकत नाही, त्याला देव टाकील? मग देवापेक्षा आई मोठी झाली की रे. हे तुला चालतं?”

“शास्त्र आहे, मास्तर.”

“शास्त्र मान्य आहे,” ते म्हणाले, आणि पुढचे नेहमीचे शब्द आलेच नाहीत. मला हायसे वाटले. खरे तर मी तेव्हा घाबरायला हवे होते.

त्या महिन्याच्या प्रभुभोजनाला पितळी ताटात भाकरीचे, म्हणजे पावाचे, तुकडे घेऊन मी रांगेने फिरत होतो. मास्तरांनी आपला तुकडा ओंजळीत घेतला, ते उठले, सरळ दाराशी गेले, तुकडा मोडला आणि अर्धा आईच्या हातावर ठेवला. बाप्तिस्मा न झालेल्याने प्रभुभोजन घेणे आमच्यात निषिद्ध. मायलेकांनी डोळे मिटून आपापला घास खाल्ला.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. पाव माझी बायको कापायची. मी तिला सांगितले, तुकडे लहान कर. तिने ते सोंगटीएवढे केले. मास्तरांनी सोंगटीही मोडली. मग ज्वारीच्या दाण्याएवढे करायचे का, असे बायकोने विचारले, तेव्हा मी तिच्यावर ओरडलो.

शेवटी मंडळीच्या पंचांची बैठक झाली. मी, आणखी दोघे आणि पाळकसाहेब. पाळकसाहेब म्हणाले, “थोडे दिवस दुर्लक्ष करू या का? म्हातारी बाई आहे.” मीच म्हणालो की नाही, शिस्त म्हणून काही आहे की नाही? मास्तर तुकडा वाटणार नाहीत असा शब्द देईपर्यंत ताट त्यांच्यापुढे थांबणार नाही, हा ठराव मी मांडला. आजवर मी स्वतःला सांगत आलो की मला प्रभुभोजनाच्या पावित्र्याची काळजी होती. नव्हती. मला त्या माणसाचा कंटाळा आला होता. समोरच्या टेबलावरून रोज येणारे ते प्रश्न, त्यांची उत्तरे मला येत नव्हती, आणि आजीचे ऐकल्यापासून माझी झोपही धड होत नव्हती. मला शांतता हवी होती.

ठराव मास्तरांच्या कानावर घालायचे काम मी माझ्याकडे घेतले. आठवडाभर त्यांच्यासमोर बसून जेवलो. शनिवारी त्यांच्या डब्यातली आजीच्या हातची भरली वांगी खाल्ली. सांगितले नाही.

रविवारी ताट घेऊन मी त्यांच्यापर्यंत आलो. त्यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. मी ताट त्यांच्यापुढून उचलून शेजारच्या माणसापुढे धरले.

ओंजळ तशीच राहिली. चष्मा कपाळावर गेला नाही. मास्तर माझ्याकडे बघत होते, आणि या एका वेळी त्यांनी मला काहीही विचारले नाही. मग हळू म्हणाले, “बरं.”

आजी दाराशी उभी राहिली होती. तिने पाळकसाहेबांना विचारले नाही, मला विचारले. मी तिच्या हातचे खाल्ले होते ना! “माज्यापायी माज्या लेकाचा घास काढला व्हय रं, लेकरा?”

कुणीतरी पेटीवर सूर धरला. मंडळी गाऊ लागली. ताट हातात धरून मीही गायलो, मोठ्याने. मास्तरांनी आईची काठी उचलून दिली, तिच्या वहाणा सरळ करून दिल्या, आणि दोघे बाहेर पडले. दार आपटले नाही.

मास्तर पुन्हा उपासनेला आले नाहीत. त्यांनी साहेबांना सांगून दुसऱ्या खात्यात बदली करून घेतली. माझ्यासमोर एक मुकाट्याने काम करणारा कारकून येऊन बसला. हवी ती शांतता मिळाली.

त्याच हिवाळ्यात आजी गेली. निघोज्याला त्यांच्याच शेतात तिला पुरले आणि प्रार्थना मास्तरांनीच केली, असे कारखान्यात ऐकले. मंडळीतून कुणी गेले नाही. जाऊ नये असे काही ठरलेले नव्हते. चिटणीसाने कळवले नाही, एवढेच.

नंतर एका रविवारी, ताटाच्या दिवशी हजर नसलेल्या कुणीतरी विचारले, “मास्तर हल्ली दिसत नाहीत?” मला काय सुचले कोण जाणे. मी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणालो, “त्यांना पटत नाही.” सगळे हसले. त्या नकलेचा जन्म हा असा झाला. पुढे पाळकसाहेबांची बदली झाली, इतर पंच आणि त्या दिवशी खोलीत असलेले लोक एकेक करून गेले, आणि मास्तर नास्तिक झाले ही माझी कथा मंडळीचा इतिहास होऊन बसली.

माझी सून हिंदू आहे. आमच्याबरोबर देवळात येते, गाणी आमच्यापेक्षा चांगली म्हणते. प्रभुभोजनाचे ताट बाकावर आले की ती मान खाली घालून पर्समध्ये काहीतरी शोधू लागते. ताट पुढे गेले की पर्स बंद होते. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा हातातला तुकडा मला तोंडापर्यंत नेववेना. देव असे करील का? माझ्या आयुष्यातली ही पहिली शंका, आणि ती साठी उलटल्यावर आली. वैताग असा की ती विचारावी असा ओळखीचा माणूस एकच होता.

मास्तर निवृत्तीनंतर गावी राहत होते, म्हणून मी एसटीने निघोज्याला गेलो. आजीने प्रश्नोत्तरे पाठ केली होती तसे माफीचे वाक्य पाठ करून गेलो.

मास्तर ओसरीवर बाजेवर बसून पवित्र शास्त्र वाचत होते. मी ज्यांना नास्तिक ठरवले ते मास्तर. पानांच्या कडा बोटांनी काळ्या झालेल्या.

“कोण? चिटणीस?” चष्मा कपाळावर गेला. “ये राव, बरा सापडलास. मला सांग, उधळ्या पुत्राच्या दाखल्यात त्या पोराची आई कुठे आहे? पैसा उधळून पोर परत आलं, बाप धावत गेला, अंगठी घातली, वासरू कापलं. आणि आई?”

“मास्तर, मी एक सांगायला आलोय.”

“सांगशील रे, आधी हे ऐक. माझं म्हणणं, बापाला तो लांबून कसा दिसला? रस्त्याकडे बघत आई बसलेली असणार. तिने दाखवला. लिहिणाऱ्याने तेवढं गाळलं.”

पुतण्याच्या बायकोने जेवायला वाढले. मास्तरांनी प्रार्थना केली. त्यात जुनी सगळी मंडळी आली, पाळकसाहेब आले, पाव कापणारी माझी बायको आली, आणि “हा चिटणीस इतक्या लांबून आला, त्याला सांभाळ” हेही आले. मग भाकरी मोडून त्यांनी अर्धी मला दिली. यात कुणी काही अर्थ शोधू नये. दुसरी अजून तव्यावर होती.

जेवताना मी पुन्हा सुरुवात केली, “मास्तर, त्या रविवारी...” तर म्हणाले, “रविवारवरून आठवलं,” आणि शब्बाथाबद्दलचा, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाबद्दलचा, नवाच प्रश्न निघाला. कित्येक वर्षांत त्यांना वाद घालायला कुणी मिळाले नव्हते हे स्पष्ट दिसत होते. मला दया यायला हवी होती. मला आली ती तीच जुनी चीड, स्टोअरमधली. मी घड्याळ बघितले. शेवटची एसटी चुकली असती.

ते फाट्यापर्यंत पोचवायला आले, बोलतच. गाडी दिसली तेव्हा थांबून म्हणाले, “अरे, तू काहीतरी सांगणार होतास.”

गाडी थांबली, कंडक्टर “चला, चला” करू लागला. “पुढच्या वेळी सांगतो, मास्तर,” मी म्हणालो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

मी माफी मागायला गेलो आणि वैतागून परत आलो. पुढच्या वेळेआधीच मास्तर गेले. त्यांच्याही मातीला मंडळीतून कुणी नव्हते. या वेळी मला तरी कोण कळवणार?

वाक्य अजून पाठ आहे. मास्तर, ठराव मी मांडला होता, ताट मी पुढे नेले होते, आजी गेल्याचे मीच कुणाला कळवले नाही, आणि तुम्ही मंडळी सोडली नव्हती. मला माफ करा.