भारद्वाजाखालचे नाव

पास्कल गेल्याचे त्याच्या बायकोने, रोझीने फोनवर सांगितले. “तुमचा मित्र गेला, भाऊ,” एवढेच. पाठोपाठ सोसायटीच्या ग्रुपवर अध्यक्षांचा संदेश आला: ‘आपल्या भारद्वाज परिवाराचे मार्गदर्शक पास्कल सर...’ आणि खाली पक्ष्याचे चित्र. ज्या पक्ष्याच्या नावाने या माणसाची फसवणूक झाली, तोच त्याच्या मृत्युवार्तेला चिकटवला होता. फसवणूक हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे.

पास्कल मूळचा मनोरीचा, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला. बोरिवलीच्या आमच्या जुन्या इमारतीत त्याचे दार माझ्या दारासमोर. इमारतीच्या मागे कुंपणाला लागून बांबू आणि करवंदीची दाट जाळी होती. तिच्यात लाल डोळ्यांचा, विटकरी पंखांचा भारद्वाज राहायचा. त्याचे दर्शन शुभ, म्हणून मुलाखतीला किंवा मुलगी बघायला निघालेली माणसे आधी मागच्या खिडकीत डोकावून जात. पास्कलचा शकुनावर विश्वास नव्हता. मी माझ्या तक्रारअर्जाचा मसुदा त्याला वाचून दाखवत असे, आणि जाळीतून भारद्वाजाचा घुमणारा आवाज आला की पास्कल तर्जनी वर करी. मग मला वाक्याच्या मध्यावरही थांबावे लागे. “गप रे. तुझ्या गोत्रातला बोलतोय.” माझे गोत्र भारद्वाज.

भरद्वाज म्हणजे बळ धारण करणारा, हे मला ठाऊक होते. पास्कल मात्र तेवढ्यावर थांबणारा नव्हता. त्याच्या मते जुन्या संस्कृतात हे नाव चंडोलासारख्या एका लहान, गाणाऱ्या पक्ष्याचे असावे. ते या जड अंगाच्या, धड उडताही न येणाऱ्या पक्ष्याकडे कधी आले, हे कोणी ठामपणे सांगू शकत नाही. कुंभार कावळा हे नाव त्याला पटे, कारण पंखांचा रंग भाजलेल्या मडक्याचा. पण सर्वांत लाडके नाव त्याच्या आईच्या तोंडचे, कुकुडकोंबा. “ऋषीचं नाव त्याला लोकांनी दिलं. हे त्याचं त्यानं सांगितलेलं आहे, नीट ऐक ना.” ... मी ऐकत असे. कायद्यातही व्याख्या आधी येते, म्हणून असेल.

पुढे पुनर्विकास ठरला. नव्या इमारतीला शुभ नाव हवे, म्हणून कार्यकारिणीने ‘भारद्वाज’ निवडले आणि प्रवेशद्वारातल्या शिळेसाठी नावाचा अर्थ लिहून देण्याची विनंती पास्कलला केली. त्याने एकच अट घातली: मागची जाळी राखायची. अध्यक्षांनी भर सभेत शब्द दिला. तो इतिवृत्तात नोंदवावा असा आग्रह मी धरला, आणि तो नोंदवला गेला. पास्कलने मजकूर लिहिला. शेवटचे वाक्य होते, ‘तो या इमारतीमागच्या जाळीत राहतो.’

भाड्याच्या घरांतून आम्ही परत आलो तेव्हा जाळीच्या जागी पार्किंगचा रॅम्प होता. प्रवेशद्वारात पितळी भारद्वाज, त्याखाली मजकूर, त्याखाली पास्कलचे नाव. शेवटचे वाक्य गाळलेले. पास्कलने विचारले, तेव्हा अध्यक्ष अत्यंत नम्रपणे म्हणाले, “सर, आता तो राहत नाही ना इथे. खोटं कसं लिहायचं?” आणि वर समजूतही घातली, की पूर्वी दिसला तर दिसायचा, आता येताजाता सगळ्यांना दर्शन. कामाला निघालेली माणसे त्या पितळेला हात लावून जातात. एक पंख त्या हातांनी लख्ख झाला आहे.

मी पत्रे लिहिली. एका कार्यालयाने कळवले की झुडूप हे वृक्षाच्या व्याख्येत बसत नाही. दुसऱ्याने कळवले की तोडणीच्या वेळी घरटे रिकामे होते. इतिवृत्ताचा हवाला देऊन मी नाव काढण्याची मागणी केली, तेव्हा कार्यकारिणीचे उत्तर आले की नाव हा सरांचा सन्मान आहे आणि दिलेला सन्मान परत घेण्याची प्रथा नाही. ज्याचा सन्मान, त्यालाच तो नाकारता येत नाही, असा नियम मला कोणत्याही उपविधीत सापडलेला नाही.

आजारपणात पास्कल दुसरे काही मागत नव्हता. “नाव काढ रे माझं तिथून. माझ्या नावावर त्यांनी ती जाळी तोडली.” ... मी हो म्हणालो होतो. त्याला मातीआड करून आम्ही परतलो, तेव्हा शिळेला हार घातलेला होता.

गेल्या आठवड्यात नवे पत्र वाचून दाखवायला रोझीकडे गेलो. खिडकीजवळ त्याची वेताची खुर्ची तशीच आहे. मी भरात आलो होतो, ‘सबब, सदर नाव तत्काळ...’, आणि रोझीची तर्जनी वर गेली, थेट त्याच्यासारखी. मी थांबलो. दोघेही कान देऊन बसलो. खाली रॅम्पवर कोणाची तरी गाडी मागे येत होती, तिचा भोंगा टुंटुं वाजत होता.

रोझीने बोट खाली घेतले.

“वाचा पुढे, भाऊ,” ती म्हणाली.